दोन ठिपक्यांमधली भिंत

भिवपुरीचं वीजकेंद्र 1922 साली सुरू झालं तेव्हा मामला सरळ होता: ठोकरवाडीचं पाणी वर, जनित्रं खाली, मधे झडप. आता तिथे 1000 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प येऊ घातलाय. म्हणजे दोन जलाशयांत पाणी खालीवर खेळवायचं. क्वांटम डॉट म्हणजे चिपवरचा इलेक्ट्रॉन कोंडणारा इवलासा ठिपका; त्याचीही सगळी मेख अशाच दोन कुंडांच्या पातळीत आणि मधल्या दारात आहे. सप्टेंबर 2024मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनची केंद्रं जाहीर झाली. संगणन बंगळूरला गेलं, संवेदन आणि मापन आयआयटी मुंबईकडे आलं. ते एक असो. पण सगळीकडे चर्चा ‘किती क्युबिट’, म्हणजे क्वांटम संगणकाचे किती मूलघटक, एवढीच. दोन क्युबिटांमधला सांधा, म्हणजे ते मधलं दार, कसा, हे कुणी विचारतच नाही.

डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांची कल्पना 1998ची. प्रत्येक डॉटमध्ये एक इलेक्ट्रॉन कोंडायचा, त्याची फिरकी हाच क्युबिट. शेजारच्या दोघांमधली विद्युत भिंत क्षणभर उतरवली की फिरक्यांची अदलाबदल. 2005मध्ये हार्वर्डच्या गटाने गॅलियम आर्सेनाइडमध्ये अर्धी अदलाबदल 180 पिकोसेकंदांत करून दाखवली. वाहवा झाली. पण त्यात मुख्यतः भिंत हलली नव्हती, दोन डॉटच्या पातळ्या कलत्या केल्या होत्या. पातळी कलती असली की आसपासच्या भरकटलेल्या विद्युतभाराची चुळबुळ थेट सांध्यात उतरते. त्यातून गॅलियम-आर्सेनिकच्या प्रत्येक अणुकेंद्रकाला स्वतःची फिरकी, त्यामुळे दहाएक नॅनोसेकंदांत सगळं विस्कटायचं. ते दशक या गोंगाटाशी झुंजण्यात गेलं. 2015मध्ये सिलिकॉनमध्ये दोन क्युबिटांचं गेट जमलं. 2016मध्ये दाखवलं गेलं, की पातळ्या सारख्या ठेवून भिंतच हलवली तर गोंगाट बराच कमी बाधतो. हे तर 1998च्या कागदावरच होतं! 2022पर्यंत अशा गेटची अचूकता 99 टक्क्यांपलीकडे गेली.

कुणी म्हणेल, डॉट अजून मूठभरच आहेत; टीआयएफआरने डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर ऑगस्ट 2024मध्ये 6 क्युबिटांचा अतिवाहक, म्हणजे डॉटहून वेगळ्या वाटेचा, प्रोसेसर तपासला, मग डॉटचा हट्ट कशाला? मूठभर आहेत, खरं आहे. सांधा अंतराबरोबर झपाट्याने विरतो, शेजाऱ्यापलीकडे सहजी पोचत नाही. पण इंटेलने 2023मध्ये 12 डॉट-क्युबिटांची चिप 300 मिलिमीटरच्या वेफरवर, नेहमीच्या चिपच्याच कारखान्यात काढली. आणि कारखाना हेच तर आपलं दुखणं. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप-कारखाना गुजरातला गेल्यावर 2022मध्ये महाराष्ट्रात रान उठलं; वर्षभरात ती भागीदारीच मोडली. क्वांटम मिशनचे 6003 कोटी 2031पर्यंतचे आहेत. त्यातले थोडे या भिंतीवर खर्च करा.