पापड्या फुलवा, तेल विसरा

साबुदाण्याची पापडी म्हटली की कढईभर तेल आलंच, असं आपण धरून चालतो. पण पापडी फुलते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. तेल फक्त उष्णता पोचवतं. मंडळात मधुमेह-रक्तदाबवाले वाढले, तशी आम्ही कढई सोडून मायक्रोवेव्ह धरला.

भिजलेला साबुदाणा चौपट पाण्यात जिरं घालून पारदर्शक शिजवा. मीठ बेतानंच, वाळल्यावर खारटपणा वाढतो! इथल्या उन्हाचा काय भरवसा? म्हणून बेकिंग पेपरवर पळीनं घालून मंद ओव्हनमध्ये, दार किलकिलं ठेवून कडक वाळवा. मग एका वेळी तीन-चार, अर्धा-पाऊण मिनिट. कुरकुरीत होतात, तळणीची खमंग चव मात्र नाही. आणि मधुमेही मंडळींनो, तेल गेलं तरी पिष्ट तेवढंच. दोनच घ्या.