दातांच्या मुळाशी पडणाऱ्या फटी : समज, गैरसमज व उपचार

दात साफ करून घेतले की दातांत फटी पडतात, अशी एक समजूत आपल्या घराघरांत घट्ट रुजलेली आहे. चांगली शिकलेली माणसेही ती बोलून दाखवितात. "चांगले होते दात, डॉक्टरांनी मशीन लावले आणि फटी पाडून ठेवल्या," असे एकीने सांगावे आणि चाळीतल्या दहाजणींनी दवाखान्याचे नाव टाकावे, हे आपण पाहतोच. या एका समजुतीपायी हिरड्यांतून रोज रक्त येत असतानाही कित्येकजण दंतवैद्याकडे फिरकत नाहीत, आणि कीड न लागलेले, दिसावयास धडधाकट असे दात पन्नाशीच्या आगेमागे हलू लागून गमावून बसतात. प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे, कलाशाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून आहे. तरीही वाचून व जाणकारांना विचारून जे समजले ते समाजबांधवांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, असे वाटले.

प्रथम ही फट म्हणजे नेमके काय ते पाहू. आरशासमोर उभे राहून पुढच्या दातांकडे नीट पाहावे. शेजारचे दोन दात एका ठिकाणी एकमेकांस टेकलेले असतात. त्या टेकण्याच्या जागेपासून हिरडीपर्यंत जी लहानशी त्रिकोणी जागा उरते, ती निरोगी तोंडात हिरडीच्या टोकाने पूर्ण भरलेली असते. हे टोक आखडले वा झिजले की ती जागा रिकामी होते आणि मागच्या अंधारामुळे काळी दिसते. दंतवैद्य तिला 'ब्लॅक ट्रँगल', म्हणजे काळा त्रिकोण, असे म्हणतात. काहींच्या पुढच्या दोन दातांत मोठी मोकळी जागा असते व ते दात एकमेकांस टेकतच नाहीत, तो प्रकार निराळा.

हिरडीचे हे टोक आपल्या बळावर उभे राहत नाही. त्याला आधार असतो तो आतील जबड्याच्या हाडाचा. 1992 साली अमेरिकेतील डॉ. टार्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी एक साधे पण फार उपयुक्त मोजमाप प्रसिद्ध केले. दातांच्या टेकण्याच्या जागेपासून खालच्या हाडापर्यंतचे अंतर त्यांनी 288 ठिकाणी मोजले. अंतर 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तेथे जवळजवळ सर्वत्र हिरडीने जागा भरलेली होती. 6 मिलिमीटर असेल तेथे हे प्रमाण 56 टक्क्यांवर आले आणि 7 मिलिमीटरला केवळ 27 टक्क्यांवर. फुटपट्टीवरील सर्वांत लहान घर एक मिलिमीटरचे असते. हाड तेवढेच खाली गेले तरी हसताना फट दिसू लागते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता हे हाड खाली का जाते? दातांवर रोज एक चिकट, डोळ्यांस सहसा न दिसणारा जंतूंचा थर बसतो. तो घासून काढला नाही तर लाळेतील क्षार त्यात मिसळून काही दिवसांतच दगडासारखा कठीण होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. 1965 साली डेन्मार्कमधील दंत महाविद्यालयात हॅराल्ड लो या संशोधकाने 12 निरोगी व्यक्तींना, ज्यांत बहुतेक विद्यार्थीच होते, दात घासणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज आपल्या हाताने परतविता येते. मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर सूज खोलवर उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि हाड झिजू लागते. आपल्याकडे याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही.

येथेच त्या गैरसमजाचे मूळ आहे. हाड झिजल्याने जी जागा रिकामी होते तीत कीटण साचते, वर हिरडी सुजून फुगलेली असते, त्यामुळे फट झाकलेली राहते. डॉक्टर कीटण काढतात, आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते आणि आधीच पडलेली फट उघडी होते. पुष्कळ दिवसांनी पासबुक भरून घेतल्यावर शिल्लक कमी दिसली, तर नोंद करणाऱ्या कारकुनाने पैसे काढले असे कोणी म्हणत नाही. (म्हणणारेही काउंटरवर भेटतात, ती गोष्ट वेगळी!) साफसफाईनंतर दात थोडे हलल्यासारखे वाटतात, तेही यामुळेच. आधार गेलेल्या दातांना कीटणाने जखडून ठेवलेले असते. काही दिवस थंड पाणी लागते, कारण मुळांचा झाकलेला भाग उघडा पडतो. ही सर्व कल्पना डॉक्टरांनी रुग्णास आधीच दिली तर निम्मे गैरसमज टळतील, असे माझे मत आहे.

प्रत्येक फट पायोरियाचीच असते असेही नाही. काहींच्या दातांचा आकारच हिरडीकडे निमुळता असतो. एकमेकांवर चढलेले दात तार लावून सरळ केले की दडलेली फट दिसू लागते. प्रौढपणी तार लावणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत असे आढळते. कडक ब्रशने आडवे रगडणे, टाचणी किंवा काडेपेटीतील काडी दातांत घालण्याची खोड, नीट न बसलेली कॅप, ही कारणेही आहेतच. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा रोग बळावतो.

परंतु आपल्याकडे स्वतंत्रपणे बोलावयास हवे ते मशेरीविषयी. तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड हिरड्यांना चोळण्याची सवय आपल्या मायबहिणींत अजूनही आहे. "मशेरीने दात घट्ट राहतात," असे आजीपासून ऐकलेले असते. वस्तुस्थिती उलट आहे. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते व तो लपून राहतो. आतून हाड झिजतच असते, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कायद्याचा हात पोहोचत नाही. सकाळी मशेरी लावल्याशिवाय शौचास होत नाही असे सांगणाऱ्या बाईला नुसते रागावून उपयोग नाही, ते व्यसन आहे आणि ते सोडण्यास घरच्यांची मदत लागते.

उपचारांत क्रम महत्त्वाचा. आधी रोग थांबवावयाचा, मग फट बुजविण्याचा विचार. कीटण काढणे, गरज पडल्यास हिरडीखालील मुळे स्वच्छ करणे व रोग फार खोल गेला असेल तर हिरडीची लहान शस्त्रक्रिया, ही पहिली पायरी. हे न करता दातांना मसाला लावून फट झाकणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय. हिरड्या निरोगी झाल्यावर दाताच्या रंगाचा मसाला (काँपोझिट) कडेला लावून दाताचा आकार बदलता येतो. त्यामुळे टेकण्याची जागा हिरडीजवळ सरकते. तारेने उपचार करणारे डॉक्टर दातांच्या कडा मिलिमीटरच्या अंशाने घासून दात जवळ आणतात, तोही चांगला उपाय आहे. हिरडीचे टोक पुन्हा उभारण्याच्या शस्त्रक्रिया होतात, परंतु त्यांच्या यशाची खात्री देता येत नाही. हायलुरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनचाही अलीकडे बोलबाला आहे. त्याने लहान फट काही काळ भरते, पण परिणाम सर्वांत सारखा नसतो व इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. फट लहान असून दिसण्याची अडचण नसेल, तर ती स्वच्छ ठेवून तशीच राहू देण्यात काहीच गैर नाही.

खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल त्यांनी शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे ती आहेत. रांग लागते, एक-दोन खेपा होतात, पण तेथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो.

घरी दोन वेळा मऊ ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन, दोन-दोन मिनिटे दात घासावेत. फट असलेल्यांसाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, काडीएवढा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. तो निरनिराळ्या जाडीचा असतो. आपल्या फटीत जोर न लावता जाईल, पण सैलही पडणार नाही, असा आकार दंतवैद्याकडून ठरवून घ्यावा व रोज रात्री एकदा फिरवावा. पहिले काही दिवस थोडे रक्त येईल, तेवढ्यावरून तो बंद करू नये. आठ-दहा दिवसांत रक्त थांबते. त्यानंतरही येत राहिले तर तपासणीस जावे.