चर खणणारे आणि काठावर उभा असलेला माणूस

आमच्या कसबा पेठेतल्या गल्लीत ड्रेनेजसाठी चर खणला होता. कमरेएवढा खोल. डोकावलो तर कडेला मातीचे तीन वेगळे रंग, मध्ये विटांचे तुकडे आणि खापऱ्या. संध्याकाळी घरी येईपर्यंत पाइप टाकून चर बुजवलासुद्धा. तेव्हापासून डोक्यात यॉर्क घोळतंय.

इंग्लंडमधलं हे शहर आधी रोमनांचं, मग व्हायकिंगांचं. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या ढिगावर घर बांधलं, त्यामुळे काही ठिकाणी ही माती कित्येक मीटर जाड आहे. शिवाय ओली. हवा पोचत नाही म्हणून लाकूड, चामडंसुद्धा कुजत नाही. 1972 मध्ये तिथे एका बँकेच्या जागेवर व्हायकिंग काळातली, दगडासारखी झालेली मानवी विष्ठा सापडली. सुमारे 20 सेंटीमीटर लांब! हसू नका, तिच्यात जंतांची अंडी होती. हजारएक वर्षांपूर्वीचा पोटाचा रिपोर्टच म्हणा ना.

अशा शहरात मोठ्या इमारतीआधी रीतसर उत्खनन होतं. पण घरामागची एक खोली, केबल, गटार यांचं काय? 1979 च्या कायद्याखाली यॉर्कसह पाच शहरांचे जुने भाग खास ठरवले गेले. तिथे जमीन खणण्याआधी 6 आठवडे नोटीस द्यायची. शिवाय बांधकाम-परवानगीतच अनेकदा अट असते, की खणताना पुरातत्त्वज्ञ हजर हवा. याला म्हणतात वॉचिंग ब्रीफ.

तो स्वतः खणत नाही. जेसीबीच्या बाजूला उभा राहून मातीचा रंग कुठे बदलतो ते बघतो. काही दिसलं की मशीन थांबवायचं, खुरप्याने साफ करायचं, खोली मोजायची, फोटो, रेखाचित्र, मग पुन्हा काम सुरू. ठेकेदार घड्याळाकडे बघत असतो, आणि चर जेवढा रुंद तेवढंच दिसतं. अर्धी भिंत दिसली तर उरलेली अर्धी शेजाऱ्याच्या जमिनीखालीच राहते. मला विचाराल तर हा दुय्यम उपाय आहे. पण खणलेली माती पुन्हा त्याच थरांत रचता येत नाही, त्यामुळे बघायची संधी एकदाच.

आणि ‘काही सापडलं नाही’ हीसुद्धा नोंद होते. शंभर छोट्या चरांच्या अशा नोंदी नकाशावर मांडल्या, की जुनी वस्ती कुठे संपत होती ते कळू लागतं.

आपल्याकडे केंद्राचा कायदा संरक्षित वास्तूपासून अंतर मोजतो. शनिवारवाड्यापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन. (त्यात जुन्या वाडेवाल्यांची होणारी कोंडी हा वेगळा एपिसोड आहे.) आमची गल्ली कुठल्या वर्तुळात येते ते बघता येईल, पण त्या चराच्या काठावर वही घेऊन कुणी उभं नव्हतं.

तुमच्या गल्लीत खणलं तर वरूनच एक फोटो काढा, शेजारी मापासाठी पट्टी किंवा पेन ठेवून. तारीख आणि जागा लिहा. आत उतरू नका, काही उचलू नका. माझ्याकडे तर तेवढाही फोटो नाही.