शेतीकामातील अपघात : कारण शोधा, पुढील अपघात टाळा

परभणी जिल्ह्यात सोयाबीनची काढणी उरकत आली की दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणीयंत्रे गावोगाव फिरू लागतात. यंत्र भाड्याचे आणि पावसाची धास्ती, त्यामुळे काम घाईत चालते. अशा वेळी कोणाचा हात यंत्रात सापडला, तर पंचनामा होतो, मदतीचे कागद तयार होतात आणि कारण म्हणून ‘निष्काळजीपणा’ हा एकच शब्द मागे उरतो. यंत्र मात्र दुसऱ्या दिवशी त्याच स्थितीत शेजारच्या खळ्यावर जाते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूबद्दल वारसांना २ लाख रुपये मिळतात. हे साहाय्य आवश्यकच आहे. परंतु त्याने पुढचा अपघात टळत नाही. त्यासाठी वेगळी चौकशी हवी. तिचा हेतू दोषी ठरविणे हा नसून कारण शोधणे हा असावा.

चौकशी कशी करावी

प्रथम यंत्र बंद करून जखमीस दवाखान्यात न्यावे. मग यंत्रास हात न लावता त्याची जागा व अवस्था नोंदवावी. शक्यतो त्याच दिवशी, हजर असलेल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे. ‘चूक कोणाची?’ असे न विचारता ‘असे का घडले?’ असे विचारावे, आणि सुधारता येईल अशी गोष्ट हाती लागेपर्यंत विचारीत राहावे.

समजा, मजुराचा हात ड्रममध्ये गेला. का गेला? माल आत ढकलावा लागला. का ढकलावा लागला? माल ओलसर होता. पण हात ड्रमपर्यंत पोचला कसा? माल घालण्याची पन्हळ आखूड होती. भारतीय मानकानुसार ही पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब असावी व तिचा ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा. येथे उपाय सापडला : माल वाळवूनच मळावा आणि पन्हळ मानकाप्रमाणे करून घ्यावी.

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टचेही तसेच. तो मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. पदर किंवा धोतराचा सोगा अडकल्यास सावरण्यास अवधीच नसतो. तेथे ‘जपून काम करा’ हा उपदेश अपुरा ठरतो; शाफ्टवर आवरणच हवे.

यवतमाळचा धडा

ही रीत केवळ यंत्रांपुरती नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. फवारणाऱ्यांना दोष देणे सोपे होते. पण त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती व फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत होते. निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती आणि संरक्षक साधने बहुतेकांजवळ नव्हती. यांतील प्रत्येक कारणावर उपाय होता.

ग्रामकार्यकर्त्यांनी यासाठी एक वही ठेवावी. थोडक्यात टळलेले अपघातही तीत लिहावेत, कारण ते दुखापत न होता मिळालेली सूचना असतात. प्रत्येक नोंदीपुढे काय दुरुस्त करावयाचे, कोणी व केव्हापर्यंत, हे लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावे. दुरुस्ती झाल्याचे प्रत्यक्ष पाहिल्यावरच ती चौकशी पुरी झाली असे मानावे.