बुडत्या देशाचा अध्यक्ष, आणि न बुडालेलं राजकारण

आनोते टोंग यांच्याबद्दलचा पहिला गैरसमज त्यांच्या देशाच्या नावातच आहे. नकाशावर वाचून आपण ‘किरिबाटी’ म्हणतो; तिथली माणसं ‘किरिबास’ म्हणतात. ब्रिटिशांच्या ‘गिल्बर्ट्स’ या नावाचं हे तिथल्या जिभेवर घोळलेलं रूप. त्या लिपीत ‘स’साठी वेगळं अक्षर नाही, टी आणि आय ही दोन अक्षरं मिळून ते काम करतात. त्यामुळे ‘किरितिमाती’ असं लिहिलेलं बेट उच्चारात ‘किरिसमास’, म्हणजे ख्रिसमस निघतं. राष्ट्राध्यक्षाला म्हणतात ‘बेरेसितेन्सी’. त्यात दडलेला प्रेसिडेंट जरा कान देऊन ऐकला की सापडतो.

टोंग २००३ ते २०१६ या काळात बेरेसितेन्सी होते. जगाला ते एका ओळीत पाठ आहेत: समुद्रात बुडत चाललेल्या देशाचा अध्यक्ष. ओळ खोटी नाही. पण तिच्याआड एक मुरलेला राजकारणी झाकला गेला, आणि त्याच्याभोवती बरेच गोड गैरसमज जमले.

‘देश चिमुकला, तर राजकारणही चिमुकलं’

जमीन खरोखरच चिमुकली आहे. ३३ बेटं मिळून ८११ चौरस किलोमीटर, लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. पण ही बेटं पॅसिफिकमध्ये अशी विखुरली आहेत की त्यांच्या हक्काचं सागरी क्षेत्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर भरतं. आपल्या अख्ख्या भारताची जमीन याहून कमी आहे. या पाण्यात टूना मासा आहे, आणि तो पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींची परवाना-फी हा सरकारी तिजोरीचा सर्वांत मोठा आधार. म्हणजे इथल्या अध्यक्षाला मतदार एखाद्या तालुक्याएवढे, आणि वाटाघाटी बड्या मासेमार देशांशी.

‘पर्यावरण चळवळीतून आलेला भाबडा माणूस’

टोंग यांचा जन्म १९५२चा, लाइन बेटांपैकी फॅनिंग बेटावरचा. वडील चिनी, आई किरिबासची. शिक्षण न्यूझीलंडमध्ये, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. आधी सरकारी नोकरी, मग मायाना बेटाची खासदारकी. चळवळीचा यात कुठे मागमूस नाही.

अध्यक्षपद मिळालं तेही घरातल्या लढतीतून. तिथली पद्धत मजेदार आहे. संसदेला ‘मनेबा नी मौंगाताबू’ म्हणतात. मनेबा म्हणजे गावाची मोठ्या छपराची बैठकीची जागा, आपल्याकडच्या चावडीची थोरली बहीण. निवडून आलेले खासदार आपल्यातूनच तीन-चार उमेदवार ठरवतात आणि त्यांतला एक जनता थेट मतदानाने अध्यक्ष करते. अध्यक्षावर अविश्वास ठराव मंजूर झाला, की त्याच्याबरोबर संसदही घरी जाते. २००३च्या मार्चमध्ये टेबुरोरो सितो (लिहिताना ‘तितो’) यांचं सरकार असंच पडलं. जुलैच्या निवडणुकीत सितो यांच्या गटाचे उमेदवार होते डॉ. हॅरी टोंग. विरुद्ध बाजूला त्यांचाच भाऊ, आनोते. आनोतेंना ४७ टक्क्यांच्या आसपास मतं, हॅरींना ४३च्या आसपास. मतांचा फरक साधारण हजाराचा, म्हणजे आपल्याकडे एखाद्या वॉर्डात पडतो तेवढा.

या निवडणुकीत तापलेला मुद्दा समुद्राच्या पातळीचा नव्हता. राजधानी दक्षिण तारावावर चीनचं उपग्रहांचा माग ठेवणारं केंद्र होतं आणि त्याच्या भाडेकराराबद्दल टोंग यांच्या बाजूने प्रश्न विचारले जात होते. निवडून आल्यावर नोव्हेंबर २००३मध्ये त्यांनी तैवानशी राजनैतिक संबंध जोडले. चीनने संबंध तोडले आणि केंद्र उचकटून नेलं. चिनी बापाचा मुलगा बीजिंगला असा झटका देतो, तेव्हा त्याला भाबडा म्हणणं कठीण आहे.

२००७मध्ये प्रमुख विरोधी पक्षाचे उमेदवार मनेबाच्या मतदानातच गळाले आणि टोंग सहज परत आले. २०१२मध्ये तिसऱ्यांदा आले, पण ४२ टक्क्यांवर. बाहेर कीर्ती चढत होती, घरी मतं उतरत होती.

‘बेटं रोज आकसत आहेत’

हा मुद्दा नाजूक आहे, कारण दोन्हीकडचे लोक त्याचा सोयीने वापर करतात. २०१०मध्ये आर्थर वेब आणि पॉल केंच या संशोधकांनी मध्य पॅसिफिकमधल्या २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं ताडून पाहिली. बहुतेक बेटांचं क्षेत्रफळ तेवढंच राहिलं होतं किंवा वाढलं होतं. प्रवाळबेट म्हणजे दगडी ओटा नव्हे. लाटा एका काठाची वाळू उचलतात आणि दुसऱ्या काठाला टाकतात. तारावातल्या वाढीत माणसाने घातलेल्या भरावाचाही वाटा होता.

टोंग पाहुण्यांना अबायांग बेटावरच्या तेबुंगिनाको गावाचं उदाहरण देत. गाव मागे हटलं, भरतीला चर्चच्या चहूबाजूंनी पाणी. छायाचित्र पाहिलेला माणूस ते विसरत नाही. पण त्या किनाऱ्याची पाहणी झाली तेव्हा मुख्य कारण वेगळं निघालं: समुद्र आणि खाजण यांना जोडणारी जुनी वाट बुजल्याने वाळूचं येणंजाणं बदललं होतं. टोंग यांचा हा दाखला कच्चा होता, असं माझं मत.

म्हणून धोका खोटा ठरत नाही. तो क्षेत्रफळात शोधायचा नसतो, विहिरीत शोधायचा असतो. प्रवाळबेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. त्या थरापर्यंत खड्डा खणून लोक बाबाई लावतात. अळूच्याच कुळातली, माणसाहून उंच जाणारी, कंद खायला येणारी ही वनस्पती. उधाणाची एक लाट वरून आत आली की खड्डा खारट होतो आणि वर्षानुवर्षं वाढवलेलं पीक सडतं. नकाशावर बेट तेवढंच दिसतं.

‘महासागर मासेमारीला बंद केला’

२००६मध्ये टोंग यांनी देशाच्या फिनिक्स बेटांभोवतीचं क्षेत्र राखीव करण्याची घोषणा केली. पुढे त्याची व्याप्ती ४,०८,२५० चौरस किलोमीटर ठरली, महाराष्ट्राच्या सव्वापटीहून जास्त. २०१०मध्ये ते जागतिक वारसा झालं. एवढं पाणी टूना बोटींना बंद झालं, असा जगभर समज झाला. प्रत्यक्षात सुरुवातीला पूर्ण बंदी जेमतेम तीन टक्के भागात होती. व्यापारी मासेमारी सगळीकडे थांबली ती १ जानेवारी २०१५ला. आधी टाळ्या मिळाल्या, बंदी नंतर आली. २०२१मध्ये पुढच्या सरकारने ती उठवायचं ठरवलं.

नोबेलचंही असंच. टोंग यांचं नाव शांतता पुरस्कारासाठी सुचवलं गेलं होतं, पुरस्कार मिळालेला नाही.

‘देश हलवायला फिजीत जमीन घेतली’

२०१४मध्ये त्यांच्या सरकारने फिजीच्या वनुआ लेवू बेटावर नातोआवातू नावाची सुमारे साडेपाच हजार एकरांची मालमत्ता चर्चकडून विकत घेतली. किंमत सुमारे ८७ लाख अमेरिकी डॉलर. मथळे झाले: अख्खा देश स्थलांतर करणार. सरकारी कागदावर उद्देश होता अन्नसुरक्षा आणि गुंतवणूक. टोंग स्वतः म्हणायचे, सगळ्यांना तिथे न्यायची वेळ येऊ नये, आलीच तर जागा असावी. वाक्य दोन्ही दरडींवर पाय ठेवणारं, आणि मथळ्यांना अर्थातच दुसरी दरड आवडली. जमीन बरीचशी डोंगराळ, झाडीची. शिवाय ती रिकामी नव्हती. मळ्यांवर राबायला आणलेल्या सॉलोमन बेटांच्या मजुरांचे वंशज, अडीचशेहून जास्त माणसं, तिथल्या नाविआविया गावात आधीपासून राहत होती.

‘हवामान निर्वासित’ हा शब्द टोंग यांना कधीच मान्य नव्हता. त्यांचं धोरण होतं ‘सन्मानाने स्थलांतर’: तरुणांना परिचारिकेचं किंवा कारागिरीचं शिक्षण द्यायचं आणि ज्यांना जायचं त्यांनी कसब घेऊन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जायचं, हात पसरून नाही.

घरी मात्र ‘आपण जाणार’ हा सूर सगळ्यांना रुचला नाही. तीन वेळांची मर्यादा संपल्यावर २०१६मध्ये टोंग यांच्या पक्षाचा उमेदवार हरला आणि तानेती मामाऊ निवडून आले. देश बुडणार या भाकितावर कारभार करायला त्यांनी नकार दिला. २०१९मध्ये ते तैवानकडून पुन्हा चीनकडे वळले. दोन वर्षांनी नातोआवातूचा विषय परत निघाला, तेव्हा चर्चा होती चीनच्या मदतीने तिथे शेती करून किरिबासला अन्न पाठवण्याची.