धायटीचं फूल: घरचं औषध आणि बाजारचा माल

माघ-फाल्गुनात डोंगरावरचं गवत वाळून जातं आणि धायटीची झुडपं तेवढी लालभडक होतात. कुणी धायटी म्हणतं, कुणी धावशी. लहानपणी गुरांमागे गेल्यावर या फुलातला मध आपण बहुतेकींनी चोखलेला आहे. वैद्य याच झाडाला धातकी म्हणतात. चरकसंहितेत जखम सांधणाऱ्या दहा औषधांत तिचं नाव आहे.

फूल चवीला तुरट, आणि गुण आहे तो या तुरटपणातच. जुलाब, आव झाली की वाळलेल्या फुलांची पूड ताकातून किंवा मधातून द्यायची, ही जुनी रीत. अंगावरून जास्त जात असेल तरी जुन्या बाया हीच पूड देत. पण ताईंनो, लहान लेकराला जुलाब लागले तर आधी ओआरएसचं पाणी आणि आशाताई. पुडीच्या भरवशावर दिवस घालवू नका. गरोदरपणात रक्त गेलं तर थेट दवाखानाच गाठायचा.

आता बाजाराचं. औषध कारखाने हे फूल एवढं का घेतात? अशोकारिष्ट, कुमारी आसव अशी औषधं आंबवून करतात. काढा आणि गूळ भांड्यात भरून त्यात धायटीची फुलं घालतात. फुलांवर नैसर्गिक खमीर असतं, त्यानं गूळ आंबतो आणि थोडा मद्यार्क तयार होतो. त्या मद्यार्कात औषधाचा गुण उतरतो, औषध टिकतंही. म्हणजे आपलं फूल इथं इडलीच्या पिठातल्या उडदासारखं काम करतं! कापडाला तांबडा रंग द्यायलाही ते पूर्वीपासून वापरतात.

एवढी मागणी असून आपल्या हातात कमी का पडतं? कारण आपण ओली, पानं-काड्या मिसळलेली फुलं एकेकटीनं व्यापाऱ्याला देतो. तो म्हणेल तो भाव आणि तो म्हणेल ते वजन. केंद्र सरकारच्या गौण वनोपजाच्या हमीभाव यादीत धायटीचं वाळलेलं फूल आहे, हे किती जणींना माहीत आहे? वनहक्क कायदा, 2006 प्रमाणे हक्कधारकांना गौण वनोपज गोळा करून विकायचा अधिकार आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या गावात वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समितीच देते. ग्रामसंघानं माल एकत्र केला, काटा स्वतःचा ठेवला, तर बोलणी बरोबरीनं होतात.

तोडताना फांदी मोडू नका, कोयता तर नकोच. फुलं हातानं ओरबाडून निघतात. प्रत्येक झुडपावर थोडी ठेवा, बी धरायला हवं आणि मधमाश्यांनाही खायला हवं. सावलीत, ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा. जमिनीवर टाकली की माती लागते आणि भाव पडतो.

गोणी भरायच्या आधी मूठभर फुलं चुरगळून बघा. कुरकुरली तर भरा, मऊ लागली तर अजून दोन दिवस पसरून ठेवा, नाहीतर आतून बुरशी धरते आणि सगळी गोणी परत येते.