राबणे म्हणजे व्यायाम नव्हे : स्त्रियांची हाडे, आहार आणि संप्रेरके



१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतील कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भत्त्यासह रजा देणारे विधेयक आले, तेव्हा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. राबणाऱ्या स्त्रीच्या शरीराची झीज हा तिचा एकटीचा प्रश्न नसून सर्व समाजाचा प्रश्न आहे, ही दृष्टी त्यातून आपल्याला मिळाली.

त्याच दृष्टीने या लेखात आम्ही एका वेगळ्या झिजेविषयी लिहीत आहोत. ती दिसत नाही, दुखत नाही आणि म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे हाडांची झीज. न्हाणीघरात साधा पाय घसरतो आणि साठीच्या आजीचा खुबा मोडतो. हात टेकला एवढेच निमित्त होते आणि मनगट मोडते. उंची कमी होते, पाठीला बाक येतो. "वय झाले" असे म्हणून आपण विषय संपवतो. खरे तर या झिजेची सुरुवात पंधरा-वीस वर्षे आधीच झालेली असते.

हाड हे जिवंत असते

हाड म्हणजे घराच्या भिंतीतील लोखंडी सळई नव्हे. ते जिवंत आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशी रात्रंदिवस काम करीत असतात. एक जुने हाड पोखरून काढणाऱ्या व दुसऱ्या त्या जागी नवे हाड भरणाऱ्या. लहानपणी व तरुणपणी भरणाऱ्या पेशींचा जोर असतो. साधारण तिशीपर्यंत हाडांचा साठा पूर्ण होतो. त्यानंतर काही वर्षे जमा आणि खर्च सारखे चालतात, पुढे खर्च वाढत जातो. आपल्या बचत गटाच्या पासबुकासारखेच हे आहे. तरुणपणी जेवढे साठवले, तेवढेच म्हातारपणी कामी येते.

हा साठा होण्यासाठी चार गोष्टी लागतात : पोटभर आणि सकस अन्न, हाडांवर पडणारा भार, सूर्यप्रकाश आणि संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स. चारांपैकी एक जरी कमी पडली तरी बाकी तिघींचे काम अर्धवट राहते.

संप्रेरकांचे काम

स्त्रीच्या बीजकोशातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक पाझरते. पाळी, गर्भधारणा यांशी त्याचा संबंध आपण ऐकलेला असतो. पण हाड पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालण्याचे मोठे कामही तेच करते. पाळी जाते तेव्हा हा लगाम सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडे सर्वांत वेगाने विरळ होतात. आपल्या देशात अनेक स्त्रियांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. म्हणजे ज्या वयात सुना येतात, नातवंडे येतात आणि घरचा भार वाढतो, त्याच वयात हाडे हलकी होऊ लागतात.

गरोदरपणातही हिशेब बदलतो. बाळाच्या हाडांसाठी आईच्या शरीरातून सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जाते. अंगावर पाजताना ते दुधावाटे रोज जात राहते. चांगले खाणाऱ्या आईची ही तूट दूध तोडल्यावर बहुतेक भरून निघते. ज्या आईला पोटभर खायला मिळत नाही आणि जिची बाळंतपणे एकापाठोपाठ होतात, तिला मात्र सावरायला सवड मिळत नाही. गरोदर व स्तनदा मातांना सरकारी दवाखान्यांतून कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे. त्या उशाखाली ठेवू नयेत, खाव्यात.

पिशवी काढण्याचा प्रश्न

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे उघड झाले. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते व मुकादमाचा दंड बसतो, हे त्यामागील एक कारण होते. त्यांतल्या कित्येक जणी तरुण होत्या. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात मराठवाड्यातून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होते. पस्तिशीतील स्त्रीच्या हाडांना पन्नाशीची वागणूक मिळू लागते. बीजकोश ठेवले तर तसे होत नाही, तरी पाळी जाण्याचे वय थोडे अलीकडे येऊ शकते. काही आजारांत ही शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते, आम्ही तिच्या विरोधात नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. "बीजकोश ठेवणार की काढणार?" हे स्पष्ट विचारावे आणि शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांनी हाडांची तपासणी करून घ्यावी.

दिवसभर राबते, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न भगिनी नेहमी विचारतात. पहाटे साडेचारला उठून डबे करायचे, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करायचा, कामावर आठ तास, परतल्यावर पुन्हा चूल आणि भांडी. एवढे झाल्यावर व्यायामाचे नाव काढणे म्हणजे थट्टाच वाटते. त्यांचे थकणे खरे आहे. पण थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असे नाही.

हाड बळकट होते ते त्याच्यावर भार पडल्याने, स्नायूंनी त्याला ओढल्याने आणि भारात बदल होत राहिल्याने. अंतराळवीरांचे उदाहरण घ्या. तेथे शरीराला वजनच नसते, म्हणून व्यायाम न केल्यास खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. उलट घरकामात बराच वेळ एकाच स्थितीत वाकून किंवा बसून जातो. कंबर दुखते, पण हाडाला नवे आव्हान मिळत नाही. शिवाय पोटात पुरेसे अन्न नसेल तर कष्ट शरीराला घडवत नाहीत, ते त्याला झिजवतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतील तीस ते साठ वर्षांच्या स्त्रियांची हाडे तपासली. त्यांचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. कष्ट करणाऱ्या या स्त्रियांची हाडे विरळ आढळली व त्यांच्या आहारातील कॅल्शियम गरजेपेक्षा फारच कमी होते. राबण्याने हाडे आपोआप मजबूत होत असती, तर हे चित्र दिसले नसते.

मग काय करावे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. यासाठी जिमची फी भरावी लागत नाही. ठाण्याची तलावपाळी किंवा कल्याणचा काळा तलाव येथे झपझप चालता येते. घरच्या घरी भिंतीला हात टेकून शरीर मागे-पुढे ढकलणे, खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, हे सर्व वीस मिनिटांत होते. नुसते चालणे हृदयाला उत्तम, पण हाडांसाठी त्याला या ताकदीच्या व्यायामाची जोड हवी. एका पायावर उभे राहण्याचा सराव आधार धरून केल्यास तोल सुधारतो व पडणे टळते.

मुलींसाठी दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो आणि फुगडी यांच्याइतके स्वस्त औषध नाही. पाळी सुरू होण्याच्या आसपासच्या काही वर्षांत हाडांचा साठा सर्वांत वेगाने वाढतो. नेमक्या त्याच वयात "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस" असे सांगून आपण तिला घरात बसवतो. ज्यांची हाडे आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र उड्या मारू नयेत, कमरेतून झटक्याने वाकू नये व जड हंडे उचलू नयेत.

व्यायाम जास्त, जेवण कमी

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या अनेक मुली पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानात धावतात, ८०० मीटरची वेळ कमी करण्यासाठी जिवाचे रान करतात. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण रिकाम्या पोटी धावून दिवसभर वडापाव-चहावर राहिले, तर शरीर काटकसर सुरू करते आणि पहिली कात्री बीजकोशाच्या कामावर लावते. पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे विशीतच हाडे विरळ होतात आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. पाळी तीन महिने आली नाही तर "बरे झाले, कटकट गेली" असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे.

याउलट वजन वाढल्याने व बैठ्या सवयींमुळे काही मुलींची पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस व मुरुमे येतात. याला पीसीओएस म्हणतात. यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. वजन जास्त असलेल्या मुलींनी ते पाच ते दहा टक्के जरी कमी केले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. म्हणजे एकीला जास्त खाण्याची गरज आहे, तर दुसरीला मोजके खाऊन चालण्याची.

ताटात काय हवे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब पाहा. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ३५० मिळतात. पेलाभर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही, सुमारे २४०. मोठा चमचाभर तीळ, सुमारे १३०. राजगिऱ्याच्या किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, सुमारे १५०. उरलेले डाळी, मटकी, हरभरा यांतून भरून निघते. बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली तर तेही कॅल्शियमच आहे. सुकट, बोंबील चांगले धुऊन घ्यावेत, कारण जादा मिठाने कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते. पायांचा रस्सा प्यायल्याने हाडे भरतात असा समज आहे, पण रश्श्यात कॅल्शियम फार थोडे उतरते. पालकात कॅल्शियम असूनही शरीराला ते फारसे मिळत नाही.

हाडाचा सांगाडा प्रथिनांचाही असतो. म्हणून डाळ, कडधान्य, अंडी, मासे हवेतच. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. हे उरलेसुरले खाणाऱ्या ताटाचे चित्र आहे. जेवणाला लागून चहा घेतल्यास लोह कमी मिळते. आणि मिश्री ही तंबाखूच आहे, ती सोडावीच.

ऊन

कॅल्शियम रक्तात घेण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते व ते उन्हातून त्वचेत तयार होते. कोवळ्या उन्हाला आपण गुणकारी मानतो, पण हे जीवनसत्त्व घडवणारे किरण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीनपर्यंतच पुरेसे असतात. अंधारात घर सोडणाऱ्या व अंधारात परतणाऱ्या भगिनीला, किंवा चाळीच्या खोलीत दिवस काढणाऱ्या आजीला ते मिळणार कसे? सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो. जेवणाच्या सुट्टीत किंवा सुट्टीच्या दिवशी हात, पाय, पाठ यांवर अर्धा तास ऊन घ्यावे. कमतरता फार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, मनाने नव्हे. त्याचा अतिरेक अपाय करतो.

तपासणी आणि गोळ्या

रक्तातील कॅल्शियम बरोबर आले म्हणून हाडे चांगली, असे नसते. रक्ताची पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढते. हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते. तिचा आकडा उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला तर हाडे ठिसूळ समजतात. त्यावर खात्रीची औषधे आहेत. लवकर पाळी गेलेल्या, किरकोळ पडून हाड मोडलेल्या, उंची कमी झालेल्या व दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तरी हाडे झिजतात, म्हणून तिची तपासणी चुकवू नये.

मध्यम मार्ग

सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देहदंड सोसला. शरीर अस्थिपंजर झाल्यावर त्यांना कळून आले की उपाशी देहाने ज्ञान मिळत नाही. सुजातेची खीर त्यांनी स्वीकारली व पुढे मध्यम मार्ग सांगितला. तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, प्रयत्नांची ताकद येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. पौर्णिमेचे उपोसथ पाळणाऱ्या भगिनींनीही मध्यान्हापूर्वीचे भोजन पुरेसे व सकस घ्यावे. गरोदर, मधुमेही व आजारी भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच ते पाळावे.

विहारांना आमची विनंती आहे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर सर्वांनी मिळून अर्धा तास चंक्रमण करावे. अल्पोपहारात बिस्किटांऐवजी तिळाची चिक्की, नाचणीचे लाडू, उसळ ठेवावी. वर्षातून एकदा महिलांचे आरोग्य शिबिर भरवावे. आणि बंधूंना विनंती अशी की घरात स्त्री सर्वांत शेवटी जेवते, ही पद्धत आजपासून मोडावी. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, म्हणजे कुणाच्या ताटात काय कमी आहे ते दिसेल. तिच्या व्यायामाची वीस मिनिटे निघावीत म्हणून भांडी आपण घासावीत. समतेचा विचार आपण विहारात ऐकतो, तो स्वयंपाकघरात उतरला तर आपल्या आया-बहिणी ताठ कण्याने म्हातारपण जगतील.

नमो बुद्धाय! जय भीम!